पन्नासची अंधश्रद्धा

ऑफिसात कुणी नवा कॅमेरा घेतला की एक तज्ज्ञ हमखास उगवतो. "५०चा प्राइम घे, डोळे झाकून!" पैसे दुसऱ्याचे, सल्ला फुकट. मीही डोळे झाकले होते.

मग वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात उभा राहिलो. माझ्या निकॉन डी९०चा सेन्सर छोटा, त्यामुळे ५० मिमीची चौकट ७५सारखी अरुंद. मागे सरकावं तर पाठीला कडा! फोटोत आई-बाबा आले, कैलास राहिला बाहेरच.

अहो, तो सल्ला फिल्मच्या काळातला. बाबांच्या एफएम१०वर ती ५० आजही झकास चालते. पण दोन्ही कॅमेऱ्यांना मिळून एकच लेन्स हवी असेल, तर ३५ एफ/२ डी घ्या. फिल्मवर ३५, डिजिटलवर साधारण ५२. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी; तिथे किट झूमपेक्षा हिच्यातून साधारण पाचपट उजेड येतो.

"मग ३५ एफ/१.८ डीएक्स का नको?" कारण ती छोट्या सेन्सरसाठीच आहे. फिल्मवर कोपरे काळे पडतात, शिवाय ॲपर्चरची रिंगच नाही, म्हणजे एफएम१०वर बोंब.

एफ/२ डी सेकंडहँड शोधावी लागते, आणि डी४०सारख्या मोटर नसलेल्या बॉडीवर फोकस हातानेच करावा लागतो. करा की!