'फुलांना हात लावू नका' ही पाटी बाग कुणासाठी बंद करते?

सार्वजनिक बागेत गेलात की एक पाटी हमखास दिसते: 'फुला-पानांना हात लावू नये.' डोळस माणसाचं त्यामुळे फारसं बिघडत नाही. पण ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी बाग म्हणजे स्पर्श, वास आणि आवाज. त्यातला स्पर्शच काढून घेतला, तर उरतं काय? व्हीलचेअर वापरणाऱ्यांचीही समुद्रकिनारी अशीच अडचण होते. चाकं वाळूत रुततात आणि लाटा लांबूनच बघाव्या लागतात.

चेन्नईत काय घडलं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पाण्याच्या दिशेने जाणारा २६३ मीटर लांबीचा लाकडी रॅम्प खुला झाला. खर्च सुमारे १.१४ कोटी रुपये. व्हीलचेअरवरून लाटांच्या जवळ जाता येऊ लागलं. पण दोनच आठवड्यांत मँडूस चक्रीवादळ आलं आणि रॅम्पचं नुकसान झालं. नंतर दुरुस्ती झाली, पण एक गोष्ट स्पष्ट झाली. अशी सोय उद्घाटनाने पूर्ण होत नाही. तिची देखभाल कायम करावी लागते.

बागेत काय बदलता येतं?

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये १९५५ पासून एक 'सुगंध उद्यान' आहे. दृष्टिहीनांचा विचार करूनच ते आखलं गेलं. वाफे उंचावर आहेत, त्यामुळे व्हीलचेअरवर बसूनही हात पोहोचतो. नावं ब्रेलमध्ये आहेत. स्पर्शासाठीची झाडं, सुगंधी पानं, सुगंधी फुलं आणि स्वयंपाकातल्या वनस्पती असे चार भाग आहेत. तिथे झाडांना हात लावणं अपेक्षितच आहे.

आपल्याकडे यासाठी परदेशी रोपं आणायची गरज नाही. तुळस, गवती चहा, पुदिना, मोगरा आणि जाड, लवदार पानांचा पानओवा एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. मात्र सगळ्यांची गरज एकसारखी नसते. अनेक स्वमग्न व्यक्तींना गर्दी, भोंगे आणि तीव्र वास सहन होत नाहीत. त्यांच्यासाठी बागेत एक शांत कोपराही हवा.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २९ नुसार, इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत सहभागी होणं हा दिव्यांगांचा हक्क आहे. म्हणजे बाग किंवा किनारा ही मेहेरबानी नव्हे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवा, असा आदेशही केंद्राला दिला.

'पण येतात किती जण?'

खर्चाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग आहेत. त्यापैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत. बागेत ते दिसत नाहीत, याचा अर्थ त्यांना यायचं नाही असा होत नाही. फाटकाशी पायरी असेल, आत खडीची वाट असेल आणि स्वच्छतागृहाचं दार अरुंद असेल, तर माणूस दुसऱ्यांदा येत नाही. आधी वाट करावी लागते, मग माणसं दिसतात.

तुमच्या जवळच्या बागेत पुढच्या वेळी एवढंच तपासा: व्हीलचेअर फाटकातून आत जाते का, आणि हात लावता येईल असं एक तरी झाड आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर तोच प्रश्न महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारता येईल.