परत फिरणाऱ्याने जावे कोठे?

नोव्हेंबर 2020 मध्ये शहापूर तालुक्यातील खर्डीजवळच्या रानात तिघांचे मृतदेह सापडले. मोक्षाच्या कल्पनेने त्यांनी आपण होऊन मृत्यू पत्करला असावा, असा पोलिसांचा प्राथमिक कयास होता. त्यांच्यासमवेत चौथाही गेला होता. तो ऐन वेळी माघारी फिरला. तिघांची चर्चा पुष्कळ झाली. चौथ्याचा प्रश्न मात्र बाजूसच राहिला, आणि आमच्या मते महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

पंथाच्या पाशातून सुटलेल्यांच्या कहाण्या हल्ली पॉडकास्टवर त्यांच्याच आवाजात ऐकावयास मिळतात. कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसून त्या आवडीने ऐकणारे सुशिक्षित थोडे नाहीत. 18 नोव्हेंबर 1978 रोजी गयानातील जोन्सटाउन येथे जिम जोन्सच्या नादी लागलेली नऊशेंहून अधिक माणसे मेली. तेथील अखेरच्या सभेच्या ध्वनिफितीत एक स्त्री सर्वांदेखत विरोध करते, आणि जमाव तिला गप्प करतो. सुबुद्धी तिच्यापाशी होती, वाट नव्हती.

शहापूरच्या चौथ्यास निदान घर गाठता आले. पण अशी घरे ज्या गावांत आहेत, त्यांचे काय? मुरबाड तालुक्यातील एका गावी मार्च 2024 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या वृद्धास जादूटोण्याच्या संशयावरून निखाऱ्यांवर नाचावयास लावले गेले. बुवाला सोडून आलेला मनुष्य अशा गावात तोंड उघडील काय? उद्या गावात एखादे मूल आजारी पडले, तर संशयाचे बोट त्याच्याकडेच वळावयाचे!

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजीच्या हत्येनंतर सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे, दक्षता अधिकारी आहे. परत आलेल्याविषयी मात्र त्यात अक्षर नाही. गुन्हा घडल्यावर धावणारा फौजदार हवाच. परंतु ज्याने गुन्हा केलेला नाही, जो केवळ भ्यालेला आहे, त्याने पोलीस ठाण्याची पायरी का चढावी?

शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय येथे ठरावीक वारी मानसोपचाराचा जाणकार बसवावा, आणि तेथे येणाऱ्याचे नाव बाहेर फुटू नये, एवढी मागणी आम्ही शासनाकडे करतो. सुटून आलेल्यांच्या कहाण्या मराठीतही जरूर ऐकवाव्यात. मात्र त्या दुसऱ्याच्या आवाजात. पाड्यावर नाव बदलून भागत नाही. तेथे माणूस आवाजावरूनच ओळखला जातो.