रिकामी दाढ आणि कानाजवळची कळ

‘डॉक्टर, कान दुखतो, थेंब लिहून द्या,’ असे म्हणत आलेल्या रुग्णाचा कान तपासावा, तर पुष्कळदा आत काहीच दोष आढळत नाही. अशा वेळी मी कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडण्यास व मिटण्यास सांगतो. बोटाखाली ‘कट्’ असे जाणवते, रुग्ण कळवळतो आणि दुखण्याचे मूळ सापडते. ते कानात नसून जबड्याच्या सांध्यात असते. मग तोंडात पाहिले, की कधी कधी काढून टाकलेल्या दाढेची रिकामी जागा दिसते.

या दोहोंचा संबंध काय? खालचा जबडा हे एकच हाड. ते दोन्ही कानांपुढील दोन सांध्यांत एकाच वेळी हलते. सुमारे सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ अनेक पालकांना दुधाचीच वाटते. म्हणून तिची हेळसांड होते आणि बहुधा तीच प्रथम जाते. ती गेली, की शेजारची दाढ मोकळ्या जागेत कलते, समोरची दाढ हळूहळू त्या जागेकडे सरकते. वरचे-खालचे दात नीट जुळेनासे होतात, आपण नकळत एकाच बाजूने चावू लागतो आणि त्या बाजूच्या स्नायूंवर ताण येतो.

तथापि, सारा दोष त्या रिकाम्या जागेला देऊ नये. दाढा नसलेल्या कित्येकांचा सांधा आयुष्यभर कुरकुरत नाही. उलट, बत्तीसही दात शाबूत असलेल्यांचा दुखतो. मनावरील ताण, झोपेत दात खाण्याची सवय, जबड्याला लागलेला मार, संधिवात अशी अनेक कारणे असू शकतात. म्हणूनच सांधा दुखतो एवढ्यावरून चांगले दात घासून घेण्याची घाई करू नका. घासलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही.

बहुतेकांना साध्या उपायांनी आराम पडतो. काही दिवस मऊ आहार घ्या. सुपारी, च्युइंगगम, कडक चकली टाळा. दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटे गरम कापडाने शेका. जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार द्या. एरवी ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे असावेत. वेदना न होता नुसता आवाज येत असेल, तर बहुधा उपचारांची गरज नसते.

रिकाम्या जागेबाबत दंतवैद्यांचा सल्ला अवश्य घ्या. कवळी, ब्रिज किंवा इम्प्लांट यांपैकी काय योग्य, किंवा काही न करणेच बरे, हे ते ठरवतील. मात्र याचा मुख्य हेतू चावणे सुधारणे व उरलेले दात सांभाळणे हा आहे. सांधा हमखास बरा होईल, या आशेने खर्च करू नये.

दोन गोष्टी मात्र अंगावर काढू नका. चालताना, जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर राहत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. त्वरित तपासणी करा. विश्रांतीतही कळ थांबत नसेल, घाम किंवा धाप असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठा. दुसरे, स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात मावतात का, हे पाहा. तंबाखू, गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्याचे तोंड उघडणे कमी होत असेल, तर तो सांध्याचा दोष समजू नका. ती कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते.

आज रात्री दात घासताना घरातील प्रत्येकाने ही तीन बोटांची परीक्षा करावी. तिला खर्च नाही, आणि अर्धे मिनिटही लागत नाही.