किल्ल्यांचा हिशेब

गेल्या पंधरवड्यात आमच्या शेजारच्या व्यापारी कुटुंबात एक प्रसंग घडला. सकाळची वेळ होती. पुरुषमंडळी दुकानी गेली होती, सासूबाई मंदिरात होत्या. धाकट्या सूनबाई कचऱ्याची बादली ठेवण्यासाठी दाराबाहेर आल्या. वाऱ्याने दार लोटले गेले आणि लॅच आपोआप लागले. आत दीड वर्षाचे बाळ आणि गॅसवर दूध!

नाक्यावरचे किल्लीवाले चाचा धावत आले. त्यांनी दाराच्या फटीतून पत्र्याची पट्टी सरकवली आणि दार उघडले. दूध करपले होते, बाळ रडत होते. सुदैवाने याहून अधिक काही झाले नाही.

सासूबाईही तोवर परतल्या. पाणी पिऊन झाल्यावर चाचांनी विचारले, "भाभी, या दाराच्या किल्ल्या एकूण किती?" कोणालाच नीट सांगता येईना. कुलपाबरोबर तीन मिळाल्या होत्या. एक सासूबाईंच्या जुडग्यात, दुसरी दुकानाच्या गल्ल्यात. तिसरी? बऱ्याच वेळाने आठवले की, दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या स्वयंपाकीणबाईंना ती दिली होती. परत घेतल्याचे कोणालाही स्मरेना. त्या बाई प्रामाणिकच होत्या. पण ती किल्ली आज कोठे आहे, हे कदाचित त्यांनाही सांगता येणार नाही.

चाचांनी उपाय सांगितला तो स्वस्तातला. संपूर्ण कुलूप बदलण्याची गरज बहुधा नसते. किल्ली ज्या भागात जाते ते सिलिंडर तेवढे बदलले की जुन्या साऱ्या किल्ल्या निरुपयोगी होतात. नव्या घरात राहावयास जातानाही हेच करावे. नवी प्रत नेहमी मूळ किल्लीवरून काढावी. प्रतीवरून प्रत काढली की खाचांतील सूक्ष्म चूक वाढत जाते आणि कुलूप अडू लागते. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे असावी; पायपुसण्याखाली किंवा कुंडीत मात्र कधीही ठेवू नये.

"मी पट्टीने दार उघडले, तसे चोरही उघडेल," हेही त्यांनी बजावले. लॅचची उतरती जीभ नुसती ओढून लागते आणि तशीच मागेही ढकलता येते. म्हणून बाहेर पडताना किल्ली फिरवून चौकोनी अडसर लावावा. लॅचला तशी सोय नसल्यास वेगळे कुलूप बसवावे. परंतु घरात वृद्ध वा मूल असताना बाहेरून कुलूप लावून जाऊ नये. आग लागली तर आतल्या माणसाला सुटता आले पाहिजे. कुलूप अडते म्हणून खोबरेल तेलही सोडू नये. त्यावर धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड वापरावी.

बोलता बोलता मोटारीचा विषय निघाला, तेव्हा तिचीही एक किल्ली हरवल्याचे कळले. आजच्या बहुतेक मोटारींच्या किल्लीत इलेक्ट्रॉनिक चिप असते. नुसत्या खाचा जुळवून केलेल्या प्रतीने दार उघडेल, इंजिन चालू होणार नाही. म्हणून किल्ली हरवल्यास अधिकृत सेवाकेंद्रात जाऊन नवी नोंदवावी आणि त्याच वेळी हरवलेलीची नोंद मोटारीच्या स्मृतीतून पुसून घ्यावी. दुसरी किल्ली मोटारीतच ठेवण्याची चूक तर कधीच करू नये. मोटार चोरीस गेल्यास विमा कंपन्या सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. एक नसल्यास दाव्यात अडचण येऊ शकते. आणि बंद मोटारीत मूल अडकले व दार तत्काळ उघडेना, तर किल्लीवाल्याची वाट न पाहता मुलापासून दूरची काच फोडावी.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी एक छोटी वही काढली. घर, दुकान, गोदाम, तिजोरी, मोटार. प्रत्येकाच्या किल्ल्या किती, कोणाकडे, कधी दिल्या, कधी परत आल्या, अशी पाने आखली. दुकानाच्या हिशेबात एक रुपया कमी आला तर ताळा जुळेपर्यंत आपण जागतो. ज्या किल्लीवर सारे घर उभे आहे, तिची नोंद मात्र आपल्यापैकी किती जणांकडे असते? आज रात्री निजण्यापूर्वी आपल्या घरच्या किल्ल्या एकदा मोजून पाहाव्यात, एवढीच वाचकांना विनंती.