टिकलीला घर हवं!

काय दोस्तांनो, मागच्या आठवड्यातली भेटकार्डं झाली ना करून? मग आता जरा वाकून जमिनीकडे बघा. चारदोन टिकल्या फरशीला चिकटल्यात, एक आरसा पलंगाखाली लुकलुकतोय, चमकी तर थेट आजोबांच्या टकलावर! आणि आई केरसुणी घेऊन दारात उभी. बरोबर ना?

म्हणून आज नवीन काही करायचं नाही. आज आवरायचं! ''शीऽऽ'' म्हणालात ना? ऐकू आलं मला. पण थांबा, आधी हिशेब ऐका. आमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास ३५ मिनिटांचा. त्यातली १५ मिनिटं ''बाई, माझे मणी सांडले'', ''बाई, हिनं माझी लेस घेतली'' यात जातात. पाच मिनिटं हात धुण्यात. उरली १५. त्यात धड राखी होत नाही, की कंदील होत नाही. मग मुलं हिरमुसतात आणि म्हणतात, ''मला चित्रकला-बित्रकला काही येतच नाही.'' अरे, येतं रे बाबा! तुझा वेळ शोधण्यात गेला, एवढंच.

तर चला. एक काठाची मोठी थाळी घ्या आणि तुमच्या दप्तरात, खणात, कंपासपेटीत असेल नसेल ते सगळं तिच्यात ओता. थाळीच का? काठ असतो, म्हणून मणी पळत नाहीत. थाळीत जुना टॉवेल अंथरलात तर आणखी बरं. मणी जागचा हलत नाही. माझ्या वर्गात मणीकाम असलं की मी डब्याची झाकणंच वाटते प्रत्येकाला.

आता निवडायचं. इथं नेहमी भांडण होतं. काही जण म्हणतात, रंगाप्रमाणे लावू. लाल मणी, लाल बटण, लाल लोकर सगळं एकत्र. दिसायला छान दिसतं, कबूल. पण काम करताना तुमच्या मनात काय येतं? ''इथं एक आरसा हवा.'' म्हणजे आधी वस्तू आठवते, रंग मागून येतो. म्हणून आधी जात, मग रंग. मणी मण्यांत, टिकल्या टिकल्यांत, आणि एखादी गोष्ट खूपच असेल तरच तिचे रंग वेगळे करा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कधी गेलात तर बघा. दिवे, अडकित्ते, दौती अशा घरातल्या साध्यासुध्या वस्तू किती सुरेख एकत्र मांडल्यात! अडकित्ते शेजारीशेजारी दिसले की मग एकाहून एक निराळा कसा, ते कळतं.

कुठली वस्तू कुठं ठेवायची, हे मात्र मी शिकेन तर छापखान्याकडून. पूर्वी छापखान्यात एकेका अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा असायचा. असे खिळे एकापुढे एक जुळवून ओळ करायची, म्हणून ते काम करणाऱ्याला म्हणत जुळारी. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली सुरू केलेला 'निर्णयसागर' छापखाना याच खिळ्यांच्या देखणेपणासाठी नावाजलेला. हे खिळे ठेवायला लाकडाचा उथळ ट्रे असे, त्यात बारीक बारीक घरं. त्याला 'केस' म्हणत. इंग्रजी छापखान्यात मोठ्या अक्षरांची केस वर आणि लहान अक्षरांची खाली ठेवायचे, म्हणून आजही त्या अक्षरांना 'अपर केस' आणि 'लोअर केस' म्हणतात. संगणकावर बघा, हेच शब्द सापडतील! आपल्या मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. त्यामुळे आपल्या जुळाऱ्याची घरं इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त.

आता गंमत अशी, की ही घरं सगळी सारख्या आकाराची नसत. जे अक्षर सारखं लागतं त्याचं घर मोठं आणि हाताशी. जे क्वचित लागतं त्याचं लहान आणि लांब. सरावलेल्या जुळाऱ्याचा हात न बघता बरोबर घरात जायचा. तुम्हीही तेच करा. टिकल्या रोज लागतात? त्या पुढच्या मोठ्या घरात. कुंदनाचे खडे दिवाळीला आणि राखीलाच लागतात? ते मागे.

घरं आणायची कुठून? विकत मिळणारे खणाखणांचे प्लॅस्टिकचे डबे चांगले असतात, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. काडेपेट्या आहेत ना! (१ डिसेंबर २०२१ पासून काडेपेटी एका रुपयाची दोन रुपयांना झाली, तरी रिकामी पेटी अजून फुकटच.) बारा रिकाम्या पेट्या घ्या. आधी नीट बघा, आत एकही काडी राहिलेली नको. चार पेट्या एकीवर एक चिकटवा, असे तीन मनोरे करा आणि तिन्ही मनोरे शेजारीशेजारी चिकटवा. वर एक जड पुस्तक ठेवून रात्रभर वाळू द्या. घाई केलीत तर कपाट तिरपं होईल आणि खण अडकतील. सकाळी बाहेरून घोटीव कागद गुंडाळा. बाहेरच्या बाजूंना जी काडी ओढायची तपकिरी पट्टी असते ना, ती या कागदाखाली पार झाकली गेली पाहिजे. तिच्यात तांबडा फॉस्फरस असतो. मग प्रत्येक खणाला पुढून सुईदोऱ्यानं एकेक बटण शिवा. झालं बारा खणांचं कपाट!

आणि खणावर नाव लिहीत बसू नका. आत जे आहे त्यातला एक नमुना बाहेर चिकटवा. आरशांच्या खणावर आरसा, जरीच्या खणावर जरीचा तुकडा. माझ्या पहिलीतल्या पिल्लांना अजून वाचता येत नाही, पण कपाट अचूक लावतात, ते या युक्तीमुळेच.

सगळंच काही खणात बसत नाही. बारीक मणी खणात ठेवलेत तर प्रत्येक वेळी सांडतील. ते दोऱ्यात ओवून ठेवा. दुकानातही मण्यांचे सर टांगलेले तुम्ही पाहिले असतील. एका सरात एकच रंग, टोकाला गाठ, आणि खिळ्याला टांगायचं. हवे तेवढे काढायचे, परत गाठ मारायची. लेस आणि जरीची पट्टी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि शेवटचं टोक पुठ्ठ्याला पाडलेल्या खाचेत अडकवा. रबर लावू नका. आपल्या हवेत रबर काही महिन्यांत चिकट होतं, मग तुटतं, आणि जाताना लेसवर डाग ठेवून जातं.

चमकीला आणि बियांना मात्र पुडी! वैद्यबुवांची असते तशी, डिंक न लावता बंद होणारी. करून बघा आत्ताच. जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत पानाचा १५ सेंटिमीटरचा चौकोन कापा. कोपऱ्याला कोपरा जुळवून त्रिकोण करा, लांब बाजू तुमच्याकडे. आता उजवा कोपरा उचलून समोरच्या डाव्या बाजूवर टेकवा, अर्ध्याहून किंचित वर. घडीची वरची कड खालच्या कडेला समांतर दिसली की जमलं. तसाच डावा कोपरा उजवीकडे आणा. वर तोंड उघडं राहिलं, त्यातून चमकी भरा, आणि वरचा शेंडा दोन्ही पदरांसकट पुढच्या खिशात खोचा. उलटी करून हलवा. सांडली? नाही ना!

चमकीवरून आठवलं. चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा चकचकीत चुरा. हात धुतले की तो मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत. युरोपीय संघानं तर १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुटी प्लॅस्टिकची चमकी विकायलाच बंदी घातली. तुमच्याकडे आहे ती संपवा हवी तर, पण मधोमध घडी घातलेल्या कागदावरच कार्ड ठेवून चमकी टाका, म्हणजे उरलेली घडीतून परत पुडीत ओतता येते. नवी आणायच्याऐवजी चॉकलेटचा सोनेरी कागद बारीक कातरा. जरा कमी चमकतो, पण बरा दिसतो.

चपट्या वस्तूंचं काय? लग्नपत्रिका! एका लग्नसराईत घरात ढीग जमतो. पत्रिकेवरचा सोनेरी गणपती, कोयऱ्या, नक्षीची किनार कापून घ्या आणि त्याच पत्रिकेच्या पाकिटात ठेवा. अशी दहा पाकिटं पंच करून दोऱ्यानं बांधलीत की पाकिटांचं पुस्तक तयार. त्यात वाळलेली पानं, पिंपळाचं जाळीदार पान मात्र घालू नका; मोडेल. ते जुन्या वहीच्या कोऱ्या पानात सपाट ठेवा. वर्तमानपत्रात नको. तो कागद स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही पिवळा करतो. तुमच्या चिकटवहीत पारदर्शक चिकटपट्टी वापरत असाल तर तिचंही तेच, काही वर्षांनी पिवळा पट्टा उरतो.

पावसाळ्यात आणखी एक चोर येतो, कसर. चंदेरी, चपटी, झरझर पळणारी. तिला पिठाची खळ भारी आवडते. म्हणून खळीनं चिकटवलेलं सगळं पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नका, आणि कपाट भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल भिंतीतूनच येते. कोकणातल्या दोस्तांना हे सांगायला नकोच! टाचण्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, नाहीतर गंजून कागदाला तांबडे ठिपके पडतात.

बरं, आता जरा गंभीर होऊन ऐका. घरात रांगणारं बाळ किंवा लहान भावंडं आहे? मग हे कपाट त्याच्या हाती लागता कामा नये. मणी, बटण, बी नाकात घालायला त्यांना एक क्षण पुरतो. असं झालं तर काडीनं, पिनेनं काढायला जाऊ नका, आणखी आत जातं. मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. त्याहून वाईट म्हणजे बटण-सेल. गाणाऱ्या कार्डात आणि लुकलुकणाऱ्या राखीत असतो तो, चकचकीत, नाण्यासारखा. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजून जखम होते. बाळानं गिळला असा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही, ओकारी काढायची नाही, तडक रुग्णालयात. जुन्या राखीतला सेल मोठ्यांकडून काढून घ्या, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि उंचावर ठेवा. बारके लोहचुंबकही तसेच. दोन गिळले तर पोटात आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढून धरतात. हे दोन्ही तुमच्या बारा खणांत नकोतच.

काहींना वाटेल, आमच्याकडे ठेवायलाच काय आहे? माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याचे वडील शिलाईचं काम करतात. तो गेल्या वर्षी पहिल्या दिवशी गप्प बसला होता, कारण शेजारच्या मुलीकडे दुकानातली पाकिटं होती आणि त्याच्याकडे एक जुनी औषधाची बाटली. बाटलीत तुटक्या जोड्यांची बटणं, हुक, जरीची कातरण. वर्गाचं सामायिक कपाट झालं तेव्हा सगळ्यात आधी रिकामे झाले ते त्याचे दोन खण! पाकिटातले खडे सगळ्यांकडे सारखेच होते हो. मोराचा डोळा करायला चार भोकांचं निळं बटण मात्र फक्त त्याच्याकडे होतं. आता तो घरून येताना ''बाई, आज काय लागेल?'' असं आदल्या दिवशीच विचारून जातो.

सामायिक कपाटाचा आमचा नियम एकच आहे. खण पूर्ण बाहेर काढायचा, आपल्या झाकणात हवं तेवढं घ्यायचं आणि खण लगेच जागी. तास संपताना झाकणातलं उरलेलं परत. कागदाचा कोन करून ओतलं की एकही मणी बाहेर जात नाही. ''सगळ्यात सुंदर खडा मी ठेवूनच देणार, वापरणार नाही'' म्हणणारे दोघेचौघे दरवर्षी असतात. त्यांना मी चिकट टिकल्यांचं जुनं पाकीट दाखवते. मागचा गोंद वाळून गेलाय, एकही टिकली चिकटत नाही.

बाराव्या खणावर मात्र काहीच चिकटवू नका. तो 'सटरफटर' खण. जे कुठंच बसत नाही ते सगळं तिथं. घड्याळाचं चाक, पेनाची स्प्रिंग, एकुलती एक बांगडीची काच नको हं, ती कापते! बाकी काहीही. पुढच्या आठवड्यात याच खणातल्या वस्तूंचं आपण तोरण करणार आहोत. तोवर काडेपेट्या जमवा. आणि हो, भरलेल्या पेट्या रिकाम्या करून जमवू नका, नाहीतर आईची केरसुणी आहेच!