एआर म्हंजे काय रे भाऊ?

मागच्या आठवड्यात मुलीच्या शाळेत 'लॉकडाउन ड्रिल' झालं. दिवे बंद, दाराला आतून कडी, सगळी पोरं एका कोपऱ्यात, तोंडातून आवाज नाही. इथे अमेरिकेत हे नेहमीचंच. रात्री जेवताना तिने हे सगळं पीटीच्या तासाबद्दल सांगावं तसं सांगितलं. वर म्हणाली, "बाबा, माझ्या बुटात लाइट लागतात ना, म्हणून मिस म्हणाली की शाळेत हे बूट नको घालूस. अंधारात दिसतात." माझा घास काही खाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी लंचला मी तावातावाने विषय काढला. म्हटलं, या ऑटोमॅटिक असॉल्ट रायफली दुकानात मिळतातच कशा? आमच्या टीममध्ये एक शिकारीचा शौकीन गडी आहे. त्याने सँडविच खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "ऑटोमॅटिक नाही, सेमी-ऑटोमॅटिक. आणि एआर म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे, आर्मालाइट रायफल." झालं! पुढचा अर्धा तास आम्ही फक्त शब्दांवर भांडलो. बूट राहिले बाजूलाच.

गडी बरोबर होता, हे आधी कबूल करतो. १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीने ही रायफल बनवली आणि १९५९ मध्ये हक्क कोल्टला विकले. तिच्यातूनच लष्कराची एम-१६ आली आणि नागरिकांसाठीची एआर-१५ पण. ऑटोमॅटिकमध्ये चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एका चापाला एकच गोळी, पण पुढची गोळी आपोआप चढते, आपण फक्त बोट हलवायचं. खऱ्या मशिनगनवर इथे १९३४ पासून कडक नियम आहेत, आणि १९८६ नंतर बनलेली मशिनगन सामान्य माणसाला विकत घेताच येत नाही.

मग 'असॉल्ट वेपन' हे काय प्रकरण आहे? असॉल्ट रायफल हा लष्करी शब्द, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन 'श्टुर्मगेवेअर'चं भाषांतर. ती ऑटोमॅटिकही चालते. 'असॉल्ट वेपन' मात्र कायद्यातला शब्द, आणि कायदा म्हणेल तो त्याचा अर्थ. (गंमत म्हणजे १९८० च्या दशकात बंदुकांची मासिकंच 'असॉल्ट' हा शब्द मोठ्या हौसेने मिरवत होती!)

१९९४ च्या केंद्रीय बंदीने काही मॉडेलं नावानिशी बंद केली आणि बाकीच्यांसाठी एक चाचणी ठेवली. सेमी-ऑटोमॅटिक, काढता-घालता येणारं मॅगझिन, आणि पुढच्यांपैकी कुठल्याही दोन गोष्टी: खाली निघालेली पिस्तुलासारखी मूठ, घडी होणारा दस्ता, संगीन अडकवायची सोय, नळीच्या टोकाला जाळ लपवणारी जोडणी, ग्रेनेड लाँचर. आता मला सांगा, अमेरिकेत शेवटचा संगिनीचा हल्ला शाळेवर कधी झाला होता?

आमच्या धंद्यात याला व्हायरस पकडायला फाइलचं नाव तपासणं म्हणतात. नाव बदललं की सुटला. तसंच झालं. कंपन्यांनी संगिनीची खाच आणि ती जोडणी काढून टाकली, मॉडेलला नवीन नाव दिलं, आणि तीच बंदूक कायदेशीरपणे विकली. रुगर मिनी-१४ ही लाकडी दस्त्याची, आजोबांची वाटावी अशी रायफल. काडतूस तेच, सेमी-ऑटोमॅटिक, मॅगझिन सुटं. घडीचा दस्ता नसलेली मिनी-१४ तर सूट दिलेल्या बंदुकांच्या यादीतच होती. २०११ मध्ये नॉर्वेत उटोया बेटावर ६९ जण मारले गेले, त्या हल्लेखोराकडची रायफल मिनी-१४ होती. केंद्रीय बंदी २००४ मध्ये संपली, पण कनेक्टिकट राज्यात तसाच कायदा चालू होता. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं ज्या रायफलने मारली, ती त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हती.

दुसरी बाजू काही धुतल्या तांदळाची नाही. २००९ मध्ये बंदूक उद्योगाच्या संघटनेने याच रायफलींचं बारसं केलं: 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल'. म्हणजे एकाला भीती विकायची आहे, दुसऱ्याला खेळ. लोखंड तेच!

मग दिसण्याऐवजी कामावरून व्याख्या करावी की नाही? करावी, पण तीही जपून. मशिनगनची व्याख्या कामावरूनच आहे: चापाच्या एका क्रियेत आपोआप एकापेक्षा जास्त गोळ्या. २०१७ मध्ये लास व्हेगासच्या हल्लेखोराने बंप स्टॉक वापरला. रायफलच्या धक्क्यानेच चाप पुन्हा पुन्हा बोटावर आपटतो आणि गोळ्यांचा पाऊस पडतो. सरकारने बंप स्टॉकला मशिनगन ठरवलं. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की चाप दर वेळी नव्याने हलतो, म्हणून ही मशिनगन नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात लिहिलं की बदकासारखं चालतं, पोहतं आणि ओरडतं, त्याला मी बदकच म्हणते. (आम्ही प्रोग्रामर याला डक टायपिंग म्हणतो, आणि त्यावरही आमची भांडणं होतातच.)

न्यूझीलंडने २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चनंतर हा घोळच घातला नाही. सेमी-ऑटोमॅटिक बहुतेक सगळ्या बंद, अपवाद .२२ ची १० गोळ्यांपर्यंतची रायफल आणि छोट्या मॅगझिनच्या काही शॉटगन. मूठ कशी आहे हा प्रश्नच नाही.

माझं मत विचाराल तर 'असॉल्ट' हा शब्द बंदूक नियंत्रणवाल्यांनी सोडून द्यावा. 'गोळी आपोआप चढवणारी, सुट्या मॅगझिनची रायफल' असं सरळ म्हणावं, आणि मॅगझिनमध्ये किती गोळ्या चालतील तो आकडा सांगावा. १९९४ च्या कायद्यातली सगळ्यात शहाणी ओळ हीच होती, १० गोळ्यांची मर्यादा. (जुनी मॅगझिनं चालू ठेवून तिचीही हवा काढलीच.) हे बोलायला कुणी कचरतं, कारण सरळ बोललं की त्यात लाखो साध्या लोकांच्या बंदुका येतात. संगिनीवर बंदी घालायला कुणाचं मत जात नाही. आणि हेही खरं, की इथे रोज मरणारे बहुतेक लोक पिस्तुलाने मरतात, त्याचं उत्तर या व्याख्येत नाही.

पण शब्द चुकला म्हणून माणसाला गप्प बसवायचं, हेही मला मान्य नाही. आजारी माणसाला औषधाचं स्पेलिंग यावंच लागतं का?

शुक्रवारी पुन्हा त्याच टेबलावर बसलो. म्हटलं, "शब्द तू निवड. त्या शाळांमध्ये इतकी मुलं कशाने मेली?" त्याने बराच विचार केला. म्हणाला, "न थांबता किती गोळ्या झाडता येतात, त्याने." मग जरा थांबून, "पण मग माझीही रायफल त्यात येते."

"हो, येते."

तो काही बोलला नाही, मीही नाही. पण पहिल्यांदाच आम्ही खऱ्या विषयावर आलो होतो.

असो. आज बुटांच्या दुकानात जायचंय. बिनदिव्यांचे बूट घ्यायला.