हेड उतरवण्याआधी पाणी बघा

“भाऊ, गाडी पानी पेते,” असं सांगत चालक जुनी बोलेरो पिकअप नाहीतर टाटा २०७ गॅरेजसमोर लावतो आणि संध्याकाळपर्यंत तिचं हेड बाकड्यावर आलेलं असतं. हेड फेस होतं, नवं गॅसकेट पडतं, बिल निघतं. काही दिवसांनी तीच गाडी, तीच तक्रार. मग पंपाला, नोझलला, शेवटी चालकाला दोष.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. शेतकऱ्याला तो पाठ असतो. आपल्या धंद्यात त्याचं नाव क्वचित निघतं. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोटकडच्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पडतं. त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांत आणि वॉटर जॅकेटमध्ये बसतो, उष्णता बाहेर निघत नाही. मीठ धातू खातं ते वेगळंच. माणसं आरओच्या कॅनचं पाणी पितात, गाडीला मात्र बोअरचं पाजतात! महागाचं कुलंटही त्याच पाण्यात कालवलं तर पैसे गेलेच म्हणायचे. त्यात मिसळायला बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणीच हवं.

धुराची भाषा आपल्याला येते: काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. तापणाऱ्या गाडीचं निदान त्याहून किचकट, कारण लक्षण एक आणि कारणं दहा. म्हणून पाना उचलण्याआधी चालकाला विचारावं, गाडी तापते कुठे? बाजार समितीच्या रांगेत उभ्या-उभ्या तापते आणि रस्त्याला लागली की निवते, तर पंख्याची हवा कमी पडते आहे; फॅन बेल्ट आणि फॅन क्लच बघा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट माल भरून चढताना तापते, तर रेडिएटर चोक असण्याचा संशय आधी घ्यावा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फेऱ्या मारणारी गाडी असेल तर रेडिएटरची जाळी बाहेरूनही रुईने आणि धुळीने बुजलेली सापडते. हवा इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, समोरून मारली तर कचरा आणखी आत रुततो.

कॅपकडे तर कोणी बघतच नाही. साधारण एक बारचा दाब धरणाऱ्या कॅपखाली साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेली की १०० अंशांवरच. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हे वीस अंश गाडी वाचवतात. आणि थर्मोस्टॅट काढून फेकायची आपली जुनी खोड! त्याने इंजिन हिवाळ्यात थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही. काही इंजिनांत तर बायपास उघडा राहून पाणी रेडिएटरकडे न जाता आतच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. वॉल्व्ह खराब असेल तर नवा टाका, जागा रिकामी सोडू नका.

एवढं झाल्यावर गॅसकेट. इंजिन थंड असताना कॅप काढून सुरू करा. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबत नसतील, कॅप लावल्यावर पाणी गरम व्हायच्या आधीच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड खुशाल उतरवा. यातलं काहीच नसेल तर उतरवायची घाई कशासाठी? आणि उतरवलंच, तर त्याच पाण्यावर गाडी परत देऊ नका. रेडिएटर रॉडिंग करून घ्या, ब्लॉक फ्लश करा, नाहीतर नवं गॅसकेटही जुन्याच वाटेने जाईल.

हे सगळं करायला वेळ जातो आणि गिऱ्हाईक वेळेचे पैसे देत नाही, ही अडचण खरी आहे. पार्ट दिसतो, निदान दिसत नाही. तरीही आमचं मत स्पष्ट आहे: तपासणीची मजुरी बिलावर वेगळ्या ओळीत लिहा आणि ती आधी सांगून घ्या. या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक जुन्या पिकअपच्या मालकाला पाणी कुठलं घालता हे विचारा आणि उत्तर जॉब कार्डावर गावाच्या नावासकट टिपून ठेवा.